वैकुंठातली पंगत

“बाबूजी, उते ऊपर भी थाली हमईं उठाहें का?”

गेंदाबाईनं खालून विचारलं तेव्हा जगन्नाथ वझलवार मचाणावर उकिडवे बसून लक्ष्मीच्या पैंजणांना सोनेरी रंग देत होते. त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. गेंदाबाई फरशी पुसायचं थांबून भिंतीवरच्या वैकुंठाच्या चित्रातल्या उजव्या कोपऱ्याकडे बघत होती. तिथे चार काळ्यासावळ्या बायका हातांत ताटं घेऊन ओळीनं उभ्या होत्या.

“पुराने चित्र में जैसा था, वैसाच उतारा है,” जगन्नाथ म्हणाले.

“हओ, सो तो है. हम तो बस पूछ रहे थे,” असं म्हणून तिनं बादली उचलली आणि मागच्या नळाकडे निघून गेली. रागावून बोलली असती तर त्यांना बरं वाटलं असतं.

चेरीताल मोहल्ल्यातल्या मराठी मंडळींच्या सत्संग मंडळाच्या सभागृहात हे वैकुंठ साठ-सत्तर वर्षं होतं. भिंतीला ओल धरली, बुरशी थेट विष्णूच्या मुकुटापर्यंत चढली, तेव्हा जुनं प्लास्टर खरवडायचं ठरलं. चित्र पुन्हा जसंच्या तसं कोण काढणार म्हटल्यावर सगळ्यांच्या माना जगन्नाथकडे वळल्या. वीज खात्याच्या नकाशा विभागात ते छत्तीस वर्षं ट्रेसर होते. इंजिनिअरच्या नकाशावर पारदर्शक कागद ठेवायचा आणि रेघेवर रेघ ओढायची, एवढंच काम. स्वतःची एक रेघ जास्त पडली तर मेमो मिळायचा, आणि जगन्नाथना तो कधीच मिळाला नव्हता. निरोपसमारंभात तेवढं एक वाक्य ते न अडखळता बोलले होते.

प्लास्टर निघण्याआधी त्यांनी सगळं चित्र कागदावर उतरवून घेतलं होतं. मंडळाचे अध्यक्ष भय्यासाहेब सुभेदार यांची एकच भर होती. त्यांच्या दिवंगत वडिलांना, काकासाहेबांना, पहिल्या रांगेत बसवायचं. तिथे मंडळाचे जुने आश्रयदाते पगड्या घालून आधीच बसलेले होते. वैकुंठातसुद्धा जागा राखीव असते, हे जगन्नाथना तेव्हा गमतीचं वाटलं होतं. भय्यासाहेबांना मात्र फार आशा होती. विजय नगरात नव्यानं आलेली मराठी मंडळी, कुणी बँकेतली, कुणी कॉलेजातली, इकडे फिरकतच नव्हती. नवं वैकुंठ बघायला तरी येतील, असा त्यांचा हिशेब होता.

दुपारी घरी आल्यावर जगन्नाथ पानावर नुसते बसून राहिले.

“काहून जेवून नाही राहिले? भाजी खारट झाली का?” सुमित्राबाईंनी विचारलं.

त्यांनी गेंदाबाईचा प्रश्न सांगितला. सुमित्राबाई हसल्या नाहीत. पोळीवर तूप लावता लावता म्हणाल्या, “बरोबर विचारलं तिनं. मी लग्न होऊन आली तेव्हापासून ते चित्र पाहून राहिली. त्यात लक्ष्मी सोडली तर एक बाई बसलेली नाही. आपल्या बाया मागे नथ घालून उभ्या, तिच्यासारख्या ताटं घेऊन उभ्या. मला तर तिथे जायची कधी घाईच नाही वाटली.”

“मग तू कधी बोलली नाही?”

“तुम्ही विचारलं कधी?”

जगन्नाथ ओशाळले. गेंदाबाई वीस वर्षं त्या सभागृहात झाडू मारत होती, महाप्रसादाची भांडी घासत होती. तिनं ते चित्र रोज पाहिलं असणार, आणि मेल्यावरही आपली सुटका नाही हे तिला रोज दिसत असणार. त्यांनी मात्र तिच्या हातातलं ताट मन लावून, केसाचाही फरक न करता, नव्या भिंतीवर उतरवलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या चारही बायका पांढऱ्या रंगानं पुसून टाकल्या. मागच्या नथवाल्याही पुसल्या. पुढे काय करायचं ते कागदावर कुठेच नव्हतं. त्यांनी गेंदाबाईला समोर बसायला सांगितलं. ती खुर्चीवर बसेना, जमिनीवरच मांडी घालून बसली, तशीच त्यांनी तिला रंगवली. पुढ्यात केळीचं पान, शेजारी सुमित्राबाई, मग बाकीच्या. हातांची बोटं काही केल्या जमेनात. गेंदाबाईचा एक हात तर चक्क झाऱ्यासारखा झाला. आता ताटं कुणाच्या हातात द्यायची हा प्रश्न उरला, आणि बराच वेळ विचार करून जगन्नाथनी तो सोडवला.

संध्याकाळी भय्यासाहेब आले आणि भिंतीपुढे थिजून उभे राहिले.

“हे काय करून ठेवलं जगन्नाथजी? माझे वडील पंक्तीत वाढून राहिले? या बायांना?”

“हो.”

“तुम्हाला जसंच्या तसं काढायला सांगितलं होतं. उद्या पेंटर बोलावतो अन् सगळं पुसवतो.”

आयुष्यातला पहिला मेमो समोर उभा होता. जगन्नाथ मचाणावरून खाली उतरले.

“भय्यासाहेब, माझी मुंज याच हॉलमध्ये झाली. तुमच्या घरचं यजमानपण होतं, कारण आमच्या घरी ऐपत नव्हती. काकासाहेब कमरेला उपरणं बांधून स्वतः वाढत होते. मी आठ वर्षांचा होतो. लाजून मागत नव्हतो, तर माझ्या पानाशी वाकून म्हणाले, ‘बटू, पोट भरल्याशिवाय उठायचं नाही.’ सगळे जेवले, मग ते बसले. पहिल्या रांगेत नुसते बसलेले काकासाहेब मी कधी पाहिलेच नाहीत हो. कसे काढू?”

भय्यासाहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि ते भिंतीच्या अगदी जवळ गेले. तिथूनच म्हणाले, “उपरण्याचा काठ हिरवा काढला तुम्ही. लाल होता.”

“लाल करतो.”

“अन् त्या बाईचा हात नीट करा जरा.”

हात शेवटपर्यंत नीट झाला नाही. रामनवमीला चित्र उघडलं. विजय नगरची मंडळी आली, फोटो काढून गेली, त्यातली चार-सहा कुटुंबं जेवायला थांबली. पण खरी गर्दी दुसरीकडून झाली. गेंदाबाईच्या वस्तीतल्या तीस-चाळीस बाया, एरवी पायरीवरूनच हात जोडून जाणाऱ्या, थेट भिंतीपर्यंत आल्या. “जे तो अपनी गेंदा आय,” असं म्हणत एकमेकींना बोट दाखवत राहिल्या. मंडळातल्या दोघातिघांनी कपाळाला आठ्या घातल्या, आणि एकजण तर न जेवताच घरी गेला.

पानं मांडली गेली. गेंदाबाई सवयीनं मागे नळापाशी जाऊन उभी राहिली. सुमित्राबाईंनी तिचा हात धरून तिला आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. बाकीच्या बायाही मग एकेक करून बसल्या. जगन्नाथनी मठ्ठ्याची बादली उचलली. उभ्या जन्मात त्यांनी पंक्तीत कधी वाढलं नव्हतं, दर पानाशी थोडा मठ्ठा फरशीवर सांडत होता. तो पुसायला गेंदाबाई दोनदा अर्धवट उठली.

“बैठी रहो,” जगन्नाथ तिच्या पानाशी वाकून म्हणाले.

ती बसली. त्यांनी द्रोण काठोकाठ भरला. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, सावकाश सगळा पिऊन संपवला आणि रिकामा द्रोण पुन्हा त्यांच्यापुढे धरला.