हललेले फोटो

मी एक जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, मित्रांनो, आणि सध्या माझा मुक्काम कपाटाच्या वरच्या कप्प्यात, जादाच्या पांघरुणांमागे आहे. माझ्या भिंगात बुरशीचा एक बारीक धागा शिरला आहे. बॅटरीने केव्हाच मान टाकली. तुम्ही मला हातात घेतलेत तर म्हणाल, "केवढा हा धोंडा!" खुशाल म्हणा, मला सवय झाली आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे माझ्या पोटात एक छोटा आरसा बसवला गेला. त्या आरशाचा मला गर्व आहे, उगीच लपवत नाही. बटण दाबले की आरसा वर उडतो, मागचा पडदा उघडतो आणि उजेड आत येतो. गंमत अशी, की तेवढ्यापुरता बघणाऱ्याच्या डोळ्यापुढे काळोख होतो. ज्या क्षणाचा फोटो निघतो, नेमका तोच क्षण फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. लोकांना हे सांगितले तर पटत नाही.

माझा पहिला मालक समारंभांचे फोटो काढायचा. त्याने मला राब राब राबवले, पण जीवही लावला. पाऊस आला की स्वतः भिजायचा आणि मला शर्टाच्या आत घ्यायचा. मग त्याने नवा कॅमेरा घेतला आणि माझी रवानगी एका दुकानाच्या काचेमागे झाली. तिथे मी बराच काळ धूळ खात पडलो होतो. शेवटी एका पेंटरच्या मुलीने मला घरी नेले.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचे काम चाले. भिंतीला टेकवलेले पत्रे, डब्यात उभे केलेले ब्रश आणि सगळीकडे टर्पेंटाइनचा वास. अक्षर काढताना ते डाव्या हातात एक काठी धरत, तिचे टोक पाटीला टेकवत आणि उजवे मनगट त्या काठीवर ठेवत. पण मी त्या घरात गेलो तेव्हा त्यांच्या दोन्ही हातांना कंप सुटला होता. आता काठीच थरथरायची, तर मनगटाला आधार कुठला? पाट्या येईनाशा झाल्या होत्या. तरी ते रोज सकाळी ब्रश धुऊन पुसून ठेवत.

मुलीने मला टेबलावर ठेवले, तसे ते म्हणाले, "माझा एक फोटो काढ गं. ब्रश धरलेला. पण हललेला नको हं. माझ्यामागे लोकांना पेंटर दिसला पाहिजे, थरथरणारा म्हातारा नको."

"काढते की बाबा, त्यात काय एवढं!" ती म्हणाली.

मित्रांनो, फोटो अस्पष्ट आला की आपण म्हणतो, फोटो हलला. आता फोटो कुठला हलतोय? कधी काढणाऱ्याचा हात हलतो, कधी समोरचा माणूस हलतो. पण बोल लागतो बिचाऱ्या फोटोला, आणि पाठोपाठ मला.

मुलगी मला ऑटोवरच ठेवायची. म्हणजे सगळे मीच ठरवायचे. खोलीत उजेड कमी, म्हणून मी पडदा जास्त वेळ उघडा ठेवायचो. पेंटरांचा चेहरा यायचा, ब्रशांचा डबा यायचा, पण हातांच्या जागी नुसते धुरकट काहीतरी. आतल्या खोलीतून आई विचारायची, "हलला का परत?"

"हलला," मुलगी ओशाळून म्हणायची. तिला वाटे, आपलाच हात हलतो.

पेंटरांनाही आधी तसेच वाटले. "अशी काय धरतेस, लोंबकळल्यासारखी? कोपरं फासळ्यांना टेकव. श्वास सोड आणि मग दाब. रेघ ओढताना मी हेच करायचो."

तिने तसे केले. मागच्या पाटीवरचे अक्षर न् अक्षर लख्ख आले. हात मात्र तसेच. आता दोष द्यायला कोणी उरले नाही. मला फार वाईट वाटले.

पण मुलगी मोठी चिवट. तिने मला ऑटोवरून काढले आणि एकेक गोष्ट करून पाहायला सुरुवात केली. वडिलांचे स्टूल तिने खिडकीशी ओढले, म्हणजे उजेड बाजूने हातांवर पडेल. भिंगाचे तोंड पूर्ण उघडले. आयएसओ वाढवला, म्हणजे थोड्या उजेडातही मला दिसू लागले. त्याने फोटोत रव्यासारखे बारीक ठिपके येतात, पण तेवढे चालतात. मग तिने शटर इतके वेगवान केले की पडदा सेकंदाच्या पाचशेव्या भागापुरताच उघडावा. थरथरणारा हातसुद्धा तेवढ्यात फारसा कुठे जात नाही.

तिने श्वास सोडला आणि बटण दाबले.

पेंटरांनी माझ्या पाठीवरचा स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. "मोठा कर," म्हणाले. तिने मोठा केला. ब्रशाचा केस न् केस दिसत होता आणि त्याला धरणारी बोटे अगदी स्थिर होती.

"थांबले," ते म्हणाले. "बघ गं, थांबले!" आणि त्यांना रडू आले. आई पदराला हात पुसत आली, फोटो बघून परत आत गेली.

"आता बाकीचे पूस," डोळे कोरडे करून पेंटर म्हणाले.

"सगळे?"

"सगळे. हललेल्यांचं काय लोणचं घालायचंय?"

तिने हसत हसत सगळे पुसले. त्यानंतर तिने कधी मला त्यांच्याकडे वळवले, तर ते हात आडवा करत. "झाला की फोटो. आता आणखी कशाला?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत पेंटर गेले.

तो फोटो पुढच्या खोलीत लावला. येणारा जाणारा म्हणे, "काय सुंदर फोटो आलाय!" मी टेबलावरून ऐकायचो आणि अंगावर मूठभर मांस चढायचे. आई मात्र त्या भिंतीकडे पाठ करून बसायची. एकदा मुलीने विचारलेच, "आई, तुला नाही का आवडला गं?"

"चांगलाय की." आई म्हणाली. "पण हे गेले ना, तेव्हा हात माझ्याच हातात होता. असाच झाला होता बघ. असाच थांबलेला. फोटोकडे बघितलं की मला तेच आठवतं."

मुलगी तिच्याशेजारी येऊन बसली.

"हे मला पाण्याचा पेला द्यायचे, तर निम्मं पाणी माझ्या अंगावर. मी ओरडायचे, हे हसायचे. ते हात होते गं यांचे. त्या हललेल्यातला एक दे मला. कुठलाही दे."

"पुसले, आई."

"सगळे?"

"सगळे."

आईने मान हलवली. "मीच विचारायचे ना आतून, हलला का, हलला का," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

पुसलेले फोटो परत मिळतात का, म्हणून मुलीने माझे मेमरी कार्ड दुकानोदुकानी दाखवले. पुसलेल्यांच्या जागी नंतरचे फोटो येऊन बसले होते. काही हाती लागले नाही. घरी येऊन तिने माझ्या भिंगाला झाकण लावले आणि मला इथे ठेवले. तिचा माझ्यावर राग नाही, हे मला ठाऊक आहे. तिच्याने मला हातात घेववत नाही, एवढेच.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कोणी भाऊबंद असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा. ऑटोवरून खाली उतरायला घाबरू नका. आपल्या माणसाला खिडकीशी बसवा, कोपरे टेकवा, श्वास सोडा. फोटो चांगले येतील, मी खात्री देतो. पण पुसायचे तर माझे भिंग पुसा, मऊ कापडाने. हललेला फोटो पुसू नका. तो हलला, कारण तेव्हा आपले माणूस हलत होते.