जाळीचं पीठ

गल्लीत त्याला चकाचकमामा म्हणत, आणि हे नाव त्यानं घाम गाळून कमावलेलं होतं. कबरींच्या त्या जुन्या आवाराचा तो राखणदार. आवार म्हणजे चार उंच दगडी भिंती, पश्चिमेच्या भिंतीत नमाजाची कमान, आणि वर छप्पर नाही. ज्या बेगमेसाठी हे बांधलं तिनंच म्हणे बजावून ठेवलं होतं, की माझ्यावर आभाळ असू द्या, पाऊस थेट माझ्या मातीत पडू द्या. म्हणून संगमरवरी कबरीच्या मधोमध माती उघडी. भोवती छातीइतक्या उंचीची दगडी जाळी: ताऱ्यात तारा, त्यात पुन्हा तारा, आणि सगळं अखंड दगडातून कोरलेलं.

मामाचा जीव त्या जाळीत. मूलबाळ झालं नाही. बायको म्हणायची, "झालं असतं तरी ह्यांनी ओल्या फडक्यानं पुसून उन्हात ठेवलं असतं."

आवारात खोट एकच, चिखल. पावसाळ्यात येणारा माणूस फुलं ठेवून जायचा आणि वहाणांना आवाराची माती घेऊन जायचा. मामाला हा व्यवहार पटेना. एवढी बेगम, आणि दारात चिखल! मग कुणाकडून सिमेंट, कुणाकडून वाळू अशी घरोघरी जमवाजमव करून त्यानं जाळीपासून भिंतीपर्यंत कोबा घालून घेतला, आरशासारखा घोटलेला. फटीत केर साचू नये म्हणून जाळीची खालची कडही त्यात पक्की बसवली. लोकांनी पाठ थोपटली. चपला हातात घेऊन यायचे ते आता मिरवत यायला लागले.

आणि जाळीला मीठ फुटलं.

आधी नुसता कापसासारखा पांढरा फेस. मामानं पुसला, तो पुन्हा आला. मागोमाग दगडच झडायला लागला. मामा रोज सकाळी जाळीच्या पायाशी पडलेली धूळ झाडायचा आणि मनात खूश व्हायचा, कोब्यावर धूळ कशी चटकन उचलली जाते! ती बाहेरून येत नाही हे उमगलं तेव्हा खालच्या रांगेतल्या ताऱ्यांची टोकं गेली होती. इतके दिवस तो जाळीच झाडून काढत होता.

त्या दिवसापासून सुपलीतलं ते पीठ तो डब्यात भरायला लागला.

"दळलेलं आहेच, लाटायला घेऊ का?" बायकोनं विचारलं. मग त्याचं तोंड पाहून तिनं दुसरा डबा आणून दिला. "हा घ्या. ह्याचं झाकण घट्ट बसतं."

जुन्या इमारतींच्या खात्यातून एक बाई पाहणीला आल्या. गुडघे टेकून त्यांनी दगडाला तळहात लावला.

"काका, कोबा कुणी केला?"

"मीच."

त्या रागावल्या नाहीत, तेच मामाला जास्त लागलं.

"पूर्वी पाणी मातीत जिरायचं आणि तिथूनच सुकायचं," त्या म्हणाल्या. "आता त्याला वाट उरली ती दगडातूनच. वर चढतं, सुकतं, आणि मागे राहिलेलं मीठ दगड फोडतं."

"मग उखडतो की आजच!"

"हादऱ्यानं जाळी खाली बसेल. तिचा पाय पोकळ झालाय. आता कोब्यानंच धरून ठेवलीय."

"आणि नाही उखडला तर?"

"तर हळूहळू."

"तुम्ही शिकलेल्या, ताई. तिसरं काहीतरी असेल."

"शिकले म्हणूनच सांगते, काका. मला तरी दिसत नाही."

तरी एकदा हळूच उखडून पाहायचं ठरलं. मामाच्या घरच्या रजया जाळीभोवती गुंडाळल्या, बाहेरून फळ्यांचा टेकू दिला. गवंडी झोपलेल्या बाळाला उठवावं तशी छिन्नी ठोकत होता. भिंतीकडचा एक तुकडा अलगद निघाला. खाली काळी, ओलीगच्च माती. मामानं ती चिमटीत धरून हुंगली, आणि बऱ्याच दिवसांनी बायकोकडे बघून हसला.

गवंडी जरा पुढे सरकला. रजईच्या आत काहीतरी खुट्ट झालं.

"थांबा!" बाई ओरडल्या.

"मी हातोडी उचललीच नव्हती हो," गवंडी रडवेला झाला. त्याचं खरं होतं. रजई सोडली तेव्हा तिच्या घडीत एक अख्खा तारा निघाला. मामानं तो उचलला, तर बोटांतच त्याची रेती झाली.

काम थांबलं. भिंतीकडे चिखल, जाळीकडे कोबा.

"मी वरिष्ठांना विचारते," बाई निघताना म्हणाल्या.

"तोवर मी काय करू?"

"काही नाही." त्यांना ते म्हणणं जड गेलं. "आणि काका, झाडूही नका. त्याचाही धक्का लागतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा सवयीनं केरसुणी घेऊन आला. जाळीच्या पायाशी पांढरी रेघ पडलेली होती. तो वाकला, आणि तसाच थांबला. बायको मागून डबा घेऊन आली होती.

"भरायचं नाही?"

"हात लावायचा नाही म्हणाल्यात."

"मग बसा तरी."

दोघं कमानीखाली बसले. वारा आला तसं ते पीठ गुळगुळीत कोब्यावरून सरकत सरकत चिखलाकडे निघालं. मामा अर्धवट उठला. बायकोनं त्याच्या सदऱ्याचं टोक धरून त्याला खाली बसवलं. तो बसला, पण केरसुणी काही त्यानं हातातून सोडली नाही.