सबंध ओवी

विश्वजित कुंडलचा. आधी लग्नाचं शूटिंग करायचा. नवरा-नवरीला महाबळेश्वरला न्यायचं, एकमेकांच्या तोंडात स्ट्रॉबेरी कोंबायला लावायची, आन् वरनं ड्रोन फिरवायचा, ह्यो धंदा. एकदा कुणाच्या तरी हाताखाली राजस्थानला वाळवंटातल्या कला महोत्सवाला गेला, तीन दिस वायरी गुंडाळल्या, आन् परत आला त्यो डॉक्युमेंटरी फिल्ममेकर हुनच. गळ्यात रंगीत पंचा, पायात टोकदार मोजडी. सांगलीच्या मार्केटात च्या पितानाबी डोळं बारीक करून लांब कुठं तरी बघायचा. तिथं हळदीची पोती दिसायची, दुसरं काय?

आता त्येला पिच्चरसाठी सोताचा वाळवंटी महोत्सव पायजे हुता. राजस्थान लांब पडतं म्हणून गडी वळला आमच्या आटपाडीकडं. फोनवर मला म्हणतोय, "धनाजीराव, तुमचा दुष्काळी भाग म्हंजे आपलं घरचं वाळवंटच की!" मी ढोल वाजवतो, भूगोल शिकवत न्हाई. म्हणलं, या.

गाडीतनं उतरला आन् त्वांड पाडून हुबा. चौफेर ऊस, डाळिंब, पाटाला पानी. "धनाजीराव, हे लय हिरवं झालंय हो." आरं, मग काय तुझ्या पिच्चरसाठी कालवा बुजवू व्हय? पान्यासाठी मोर्चं काढून काढून आमच्या चपला झिजल्या, त्ये काय ह्येच्या फ्रेमची वाट लावायला?

शेवटी हंबीररावाच्या घराचं बांधकाम चाललं हुतं, तिथली वाळू बिरोबाच्या देवळाम्होरं पसरली. झालं वाळवंट. हंबीरराव खोरं घिऊन कडंला हुबा. "चपला झाडून जावा रं, गिलाव्याची वाळू हाय ती!"

खरं सांगतो, ह्या सोंगात मी पडलो नसतो. पडलो त्यो दादासो तात्यांमुळं. तात्या माझं चुलतं, वय अठ्ठ्याहत्तर. बिरोबाची सबंध ओवी, देवाच्या जल्मापासनं शेवटापतोर, आता त्यांच्या एकट्याच्या डोक्यात उरलीया. गायला तीन तास लागत्यात. त्यांचा पोरगा पुण्याला कंपनीत, त्येला नको. मला धा वर्सं म्हणत्यात, "धनाजी, बस, शिक." आन् मी धा वर्सं म्हणतोय, एवढी फवारणी झाली की बसतो. कॅमेरा येतोय म्हणल्यावर तात्या सकाळी सातलाच नवं धोतर नेसून, फेटा बांधून तयार. मला म्हणलं, "एकदा त्यात गेली की ऱ्हायली गड्या. मग मी मोकळा."

कडंला गावातली पन्नासभर मानसं बसली, ढोल घुमला, झांज लागली. तात्यांनी डोळं मिटून आवाज लावला. चार मिंटं झाली न्हाईत तवर विश्वजित वरडला, "कट! मस्त तात्या! आता फकस्त शेवटचं घ्या, हात वर करून."

तात्यांनी डोळं उघडलं. "ओवी मधी तुटली की पयल्यापासनं धरावी लागतीया बाबा. आमच्यात रीत हाय तशी." आन् धरली पयल्यापासनं.

पुन्यांदा कट, मागं उसाचा ट्रॅक्टर आला म्हणून. पुन्यांदा पयल्यापासनं. मग कट, वाळूत मांजर आलं म्हणून. दुपारपतोर सात येळा. देव काय जल्माला येईना! देवाच्या आईला कळा सुरू झाल्या की ह्यो कट म्हणायचा. झांजवाला गुंडा माझ्या कानात म्हणला, "सिझर करावं लागतंय बघ."

आठव्यांदा तात्यांनी डोळं मिटलं, आन् विश्वजित शाना झाला. कट म्हणलाच न्हाई. त्येला पायजे तेवढं फेटं आन् ढोल मिळालं हुतं. त्येनं तोंडावर बोट ठिवलं, आपल्या मान्सांना खुणावलं. स्टँडवरचा माइक काढला, कॅमेरा पेटीत घातला, गाडी सुदीक ढकलत रस्त्यापतोर नेली. जाताना मला लांबनं हात जोडलं, नालायकानं.

वाटलं, ढोल टाकावा आन् जाऊन मानगूट धरावं. पण ढोल थांबला की ओवी तुटली. तात्यांचा आवाज बसत आलाता, नवव्यांदा काय त्यांच्यानं व्हनार नव्हतं. म्हणून वाजवत ऱ्हायलो, मनात शिव्या देत. देव जल्मला, वाढला, लगीन झालं. तीन तास तात्या मोकळ्या वाळूम्होरं गायलं. हंबीरराव खोरं खाली ठिवून डोळं पुसत हुता. दोन हात रिकामं असलेली पन्नास मानसं तिथं बसली हुती, परत्येकाच्या खिशात मोबाईल हुता, आन् एकाला सुचलं न्हाई.

शेवटचा शबुद झाला. तात्यांनी डोळं उघडलं, घाम पुसला.

"गेली व्हय पोरं?"

"गेली. घाई हुती त्यास्नी."

"आलं न्हवं समदं त्यात?"

आता काय सांगायचं त्यांला? "आलं, तात्या. समदं आलं."

तात्या असं हसलं की मला बघवंना. "ब्येस झालं. तुझ्या मागचीबी कटकट गेली. सुटलास तू."

"तात्या," म्हणलं, "तरीबी शिकवा की मला. उद्यापासनंच बसतो."

"आता उगं कशाला?" तात्या म्हणलं. "त्यात हाय की." आन् फेटा काखंत मारून घराकडं चालाय लागलं.