शिवीचा दाम

दगूबाईनं भर दुपारी दिवा मागितला, तेव्हा माझ्या काळजात चर्र झालं.

माझी सून सरला खाटेवर कण्हत होती. मूल आडवं होतं. फाल्गुनातलं ऊन दारातून सरळ दगूबाईच्या तोंडावर पडलेलं. तिच्या कपाळावरचं गोंदणसुद्धा लख्ख दिसत होतं. आणि ती माझ्यावर खेकसली,

"काय वं अनुसया, आंधारं करी ठेवेल शे? दिवा लाव ना!"

मी चिमणी पेटवली आणि त्या उन्हात तिच्यापुढे धरून बसले. तिचे हात मात्र रोजच्या पायवाटेनं निघाल्यासारखे चालले होते. पोटावर तेल चोळता चोळता ती आतल्या जिवाला दटावत होती, "आडवा पडना का रे भामट्या? थांब, हात घाली काढस तुले!"

काढलंच तिनं. बाळानं टाहो फोडला. नाळ बांधून झाली, बाळ पदरात घेऊन झालं, आणि मग तिनं मला हळूच विचारलं,

"पोर शे का पोऱ्या?"

मुलगी की मुलगा, हे दाईनं सांगायचं असतं. दाईनं विचारायचं नसतं.

"पोर शे, माय," मी म्हटलं आणि चिमणी फुंकली.

आमचं निंबोणी आणि नाल्यापलीकडचं खापरवाडं, दोन्ही गावांत दुसरी दाई नाही. पावसाळ्यात नाले भरले की तळोद्याच्या दवाखान्याची वाट बंद. तेव्हा बाईच्या आणि मरणाच्या मध्ये एकटी दगूबाई उभी असायची. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. धुळ्याला डोळ्यांचा डॉक्टर होता. तो डोळे करून देईल असं बाजारातून येणारी माणसं सांगायची. पण डॉक्टरची फी, चष्मा, तिथं राहणं, खाणं, हे सगळं कुठून आणायचं? आणि जे काय करायचं ते मिरगाच्या आत. एकदा पेरणी सुरू झाली की कुणाला कुणाकडं बघायला सवड नसते.

माझा पाय घरात ठरेना. मी पहिल्यांदा गाठला इंद्रसिंग पाटील. देवळाच्या कळसासाठी यानं घरटी वर्गणी काढली होती, म्हटलं एका म्हातारीसाठीही काढील. तो पान चघळत म्हणाला, "कळस देवना शे, बाई. डोया काय, आज ना उद्या सगळास्ना जातस." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग मी भजनी मंडळाला गळ घातली. गावोगाव भजन करा, झोळी फिरवा, म्हटलं. त्यांनी केलं. पण ते आधी पोटोबावाले. झोळीत पडलं तेवढं त्यांच्या चहाचिवड्यातच गेलं, वर पेटीवाल्याचा घसा बसला म्हणून खडीसाखर माझ्याच घरातून गेली. पिठाच्या गिरणीवर डबा ठेवला, तर त्यात कुणी तुटकी गुंडी टाकली. आमचे हे, उखा, मला म्हणाले, "पालथा घडावर पानी टाकी ऱ्हायनी तू." मी म्हटलं, घडा पालथा असेल तर सुलटा करीन, तुम्ही बैल पाजा.

सगळ्यात अवघड काम होतं ते खुद्द दगूबाईचं. डब्याची गोष्ट तिच्या कानावर गेली आणि ती काठी टेकत माझ्या ओट्यावर आली.

"मी या हातवर दोन गावनी पोरं झेलात," ती म्हणाली. "आते तोच हात पसरू? डोया गयात ते जाऊ दे. लाज जावाले नको. मन्हा नावनी भीक मांगी तं तुन्हा उंबरा चढनार नही."

तोवर गावात कुजबुज झालीच होती. आमच्याच आळीतल्या एका बाईला कळा सुरू झाल्या, तर तिच्या सासूनं दगूबाईला बोलावलंच नाही. गाडीत घालून तळोद्याला निघाले आणि ती वाटेतच मोकळी झाली. मूल हाती लागलं नाही. दगूबाई दिवसभर आपल्या दारात बसून होती. गाडी समोरून गेली तेव्हा तिला चाकांचा आवाज ओळखू आला असणार. मला ते बघवेना.

आणि मग आखाजी, आमची अक्षय तृतीया, जवळ आली.

आखाजीला आमच्याकडं लेकी माहेरी येतात, झाडाझाडाला झोके बांधले जातात, पुरुष पत्ते कुटत बसतात. आणि गौराई नाल्यावर नेताना दोन गावच्या बायकांचा बार, म्हणजे शिव्यांचा सामना, होतो. आम्ही अलीकडच्या काठावर, खापरवाडच्या पलीकडच्या. मग शिव्यांची अशी फैर झडते की कावळेसुद्धा झाड सोडतात. वर्षभर गिळलेलं त्या एका दिवशी ओकायचं. कुणी राग धरायचा नाही. ज्या गावाच्या शिव्या आधी संपतील त्या गावाला पाऊस कमी, असं म्हातारी माणसं म्हणायची. आमच्याकडून शिव्या द्यायला दगूबाई. तिच्यापुढं खापरवाडं कधी टिकलं नाही. पण यंदा ती म्हणाली, "मी येनार नही. तोंड दिखाशिवाय शिवी देवानी म्हंजे आंधारामां दगड भिरकावाना. कोनले लागी, काय नेम?"

चैत्र सरता सरता नाला कोरडा पडतो. दोन्ही गावच्या बायका वाळूत झिरा खणून पाणी भरतात. तिथं मला खापरवाडची रंजनाबाई भेटली. ही त्यांची पुढारीण. जन्मली खापरवाड्यात आणि सून म्हणूनही तिथंच नांदली.

"काय वं अनुसया," तिनं घागर टेकवून सुरुवात केली, "औंदा तुम्हनी तोफ थंडी पडनी म्हंतस! मंग आम्ही काय दगडेसले शिव्या देऊत?"

आधीच माझं डोकं फिरलेलं. मी ताडकन बोलून गेले, "दगूबाईनी शिवी काय रस्तावर पडेल शे का? आते फुकट नही भेटावनी! जिले पाहिजे तिनी सूपभर धान्य आनानं, मंगच भेटी!"

रंजनानं कंबरेवर हात ठेवला. "सूपभर? मी पायलीभर आनसू! पन शिवी ताजी पाहिजे. गये सालनी उष्टी चालनार नही."

बोलले मी रागात, पण घागर डोक्यावर घेतली आणि वाटेतच थबकले. अरे, हेच तर! भीक नाही, वर्गणी नाही. रोकडा सौदा. रंजना माझ्यामागून आली. आता लेकीच्या काळजीनं तिचा आवाज खाली आला होता. "खरंच तिले दिखत नही का वं? मन्ही आंडेरले सातवा लागना. आखाडमां बाळंत व्हई ती." "नहीच दिखत," मी म्हटलं. "मंग मी मन्हा गावना सगळ्या बाया आनस," ती म्हणाली आणि निघून गेली.

दगूबाईला मी सांगितलं, "माय, त्या बाया नाव सांगतीन, तू आवाज वळख आनि शिवी दे. धान्य गौराईना भंडाराले जाई." गौराईचं नाव घेऊन खोटं बोलताना माझी जीभ अडखळली, पण दुसरी वाट नव्हती.

बार व्हायच्या दिवशी नाल्याच्या मधोमध वाळूत मोठी टोपली ठेवली. दगूबाईला हाताला धरून मी काठावरच्या करंजाखाली उभं केलं. पलीकडून रंजना पुढं झाली, टोपलीत तूर ओतली आणि ओरडली, "मी रंजना! दे वं धल्ले, म्हातारे, काय देस ते!"

दगूबाईनं मान तिरकी केली, आवाज जोखला, आणि कडाडली, "रंजे! सगळास्नं आधी डोकं येस, तुन्ही आधी जीभ उनी वं! तव्हयपशी ती आत गईच नही!"

दोन्ही काठ हसत सुटले. मग रांगच लागली. दिवलीबाई नावाची, खापरवाड्यातच नांदणारी नवी लेकुरवाळी लाजत पुढं आली. तिला मिळालं, "तू तं रडनीच नही व्हती! पाय धरी उलटी कई, पाठवर चापट मारी, तव्हय रडनी. आते तुन्ही सासू म्हनस, थांबतच नही. चूक मन्हीच व्हयनी, चापट जोरमां लागनी!" दिवली पदर तोंडात कोंबून हसत होती आणि डोळे पुसत होती. आपल्या जन्माची गोष्ट दुसरं कोण सांगतं? बायका घरी धावत जाऊन सूप भरून आणू लागल्या. आमच्या काठावरच्यासुद्धा म्हणू लागल्या, आम्ही काय घोडं मारलं, आम्हालाही पाहिजे.

हसण्याचा गलका ऐकून पत्ते टाकून पुरुष आले. त्यांनी यायचं नसतं, पण आले. पाटील काठी आपटत म्हणाला, "काय गोंधय लायेल शे?"

दगूबाईनं आवाज पकडला. "कोन, इंद्रसिंग? तुन्ही मायनी तीन दिन वाट दखी, पन तू बाहेर येवाले तयार नही! आजून तसाच शे. कोनले काही देवानी येळ उनी का आत जाई बठस!"

हसून हसून माणसं वाळूत बसली. "दाम! दाम टाका पाटील!" सगळा नाला ओरडू लागला. पाटलाचं तोंड लालबुंद झालं. पण आखाजीच्या शिवीवर रागवायचं नाही, आणि सगळ्या गावासमोर फुकट खायचीही नाही. त्यानं गड्याला जोंधळ्याचं पोतं आणायला पिटाळलं आणि चरफडत म्हणाला, "दिधं बाई! जाय धुळाले, डोया करी ये, मंग दखी-दखी शिव्या दे!"

झालं. माझं बिंग फुटलं.

दगूबाई माझ्याकडं वळली. "अनुसया, हाई मन्हा डोयास्करता शे?"

"हो माय. खोटं बोलनू मी."

"म्हंजे भीकच गोया कई तू."

तिनं माझा हात झटकला आणि एकटीच वाळूत उतरली. चार पावलं गेली नाही तोच तिचा पाय टोपलीला अडला. ती वाकली. मला वाटलं, आता लाथ मारते. तिनं हात पार तळाशी घातला. दाणे बोटांतून सोडले, पुन्हा उचलले, चिमटीत चोळले.

"हाई तूर किडेल शे," ती म्हणाली. "कोनी टाकी वं?"

मग पलीकडून बारीक आवाज आला, "मी टाकी, माय."

"रंजे! शिवी ताजी लिधी आनि दाम किडेल देस? लबाड! भीक ऱ्हाती ते मी गुपचूप लेती. हाऊ मन्हा दाम शे, दाम! जाय, बदली आन!"

रंजना धावत सुटली. मला आधी रडू आलं आणि मग हसू.

आमच्या ह्यांनी ते धान्य तळोद्याच्या बाजारात विकलं आणि मी दगूबाईला धुळ्याला घेऊन गेले. डॉक्टरनं डोळे केले आणि बजावलं, हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि पुढंही जपायचं, रडायचं नाही. न बोलणं हीच तिला खरी शिक्षा झाली. मिरगाच्या आत आम्ही परतलो. जाड भिंगांचा चष्मा लावून ती आधी माझ्या घरी आली, नातीला हातात घेतलं आणि म्हणाली, "पोरच शे." आखाडात रंजनाच्या लेकीची सुटका तिनंच केली.

पण ते पासष्टचं साल. मृग कोरडा गेला, पुढची नक्षत्रंही तशीच. ज्वारी गुडघ्यात वाळली. कापसाला बोंड धरलं नाही. माणसं मोहाची फुलं उकडून खाऊ लागली. पुढची आखाजी आली तेव्हा लेकींना माहेरी आणायला कुणाची हिंमत नव्हती. तरी बार चुकवायचा नाही म्हणून दोन्ही गावं नाल्यावर आली. टोपली कुणी ठेवली कोण जाणे, पण ती मधोमध होती.

दगूबाई करंजाखाली उभी राहिली. आता तिला सगळं दिसत होतं. तिनं चष्मा सावरला आणि पलीकडच्या एकेक तोंडाकडं बघत गेली. गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली, कडेवरची पोरं मान टाकलेली. आम्ही शिवीची वाट बघत होतो. शिवी येईना.

"कितल्या वाळनात वं पोरीस्वन," ती पुटपुटली. चष्म्याखालून पाणी यायला लागलं.

"रडू नको माय, डॉक्टरनी सांगेल शे!" मी तिचा दंड धरला.

पलीकडून रंजना पुढं आली. तिच्या सुपात मूठभर मोहाची फुलं होती. ती तिनं टोपलीत टाकली. "शिवी दे ना वं माय!" तिचा आवाज फाटला होता. "दाम आनेल शे. ताजा शे!"

दगूबाईनं पदरानं चष्मा पुसला, पुन्हा लावला. मग कुणाकडंच न बघता तिनं तोंड वर केलं. वर पांढरंफटक आभाळ. कंबरेवर हात ठेवून ती कडाडली,

"काय रे भामट्या! आडवा पडना का? दोन गाव वाट दखी ऱ्हायनात. थांब, हात घाली काढस तुले!"

आधी रंजनाला हसू फुटलं, मग दिवलीला, मग दोन्ही काठांना. किती महिन्यांनी त्या नाल्यात हसू ऐकू आलं. जिच्याकडं जे होतं ते तिनं टोपलीत टाकलं, कुणी मूठ, कुणी चिमूट.

पाऊस त्या दिवशी आला नाही. टोपली मात्र निम्मी भरली. खापरवाड्यात एक बाळंतीण दोन दिवस उपाशी होती. दगूबाईनं टोपली डोक्यावर घेतली, मी पुढं केलेला हात बाजूला सारला, आणि पायाखालची वाट बघत बघत एकटी पलीकडचा काठ चढून गेली.