फाटक एक वाजता बंद होईल

माझ्या भावाने, कागवाने, नामुलीला मागणी घालायला आठ वर्षं घेतली. तेवढ्या अवधीत त्यांना दोन मुलं झाली, कंपालात घर झालं, गाडी झाली. मागणी तेवढी राहून गेली. कामच फार असतं हो त्याला. तिच्या वडिलांनी, म्हणजे निवृत्त हेडमास्तर सेबाना गुरुजींनी, तीनदा तारीख दिली आणि तिन्ही वेळा आमच्या साहेबांची मीटिंग निघाली. चौथ्या खेपेला गुरुजींनी निरोप धाडला: शनिवारी एक वाजता फाटक बंद होईल आणि कागवासाठी ते पुन्हा उघडणार नाही. नामुली मुलांना घेऊन दोन दिवस आधीच माहेरी गेली. निघताना मला म्हणाली, "ताई, या वेळी तो आला नाही, तर मी तिकडेच राहणार." ती चेष्टा करत नव्हती.

म्हणून पहाटे सहाला निघायचं ठरलं आणि आम्ही साडेआठला निघालो. भाड्याच्या व्हॅनमध्ये चौदा जण. पुरुष पायघोळ पांढऱ्या कंझूवर कोट चढवून, आम्ही बायका गोमेसी झग्यांचे टोकदार खांदे सांभाळत. मागे साखर, साबण, फळांच्या टोपल्या आणि नवरीच्या भावाला द्यायचा कोंबडा. मागणीत नवरदेवाने तोंड उघडायचं नसतं, त्याच्या वतीने बोलणारा लागतो. आम्ही मुकीबींना आणलं होतं. आपण चारशे मागण्या जुळवल्या, असं ते कुणी न विचारता सांगत आणि मासाका शहरापर्यंत त्यांतल्या निम्म्या आम्ही ऐकल्या.

वाटेत विषुववृत्ताच्या खुणेपाशी आमच्या मामांनी गाडी थांबवली. एक पाय उत्तरेला, एक दक्षिणेला ठेवून फोटो काढायचा होता. विषुववृत्त काही पळून जाणार नव्हतं, पण मामांना कोण सांगणार? लुकायाच्या थांब्यावर विक्रेत्यांनी मांसाच्या काड्या आणि भाजलेली केळी खिडकीतून थेट मामांच्या मांडीवर ठेवली. व्याह्यांकडे पंगत मांडलेली असते हे त्यांना ठाऊक होतं, पण त्यांचा कुणावर विश्वास नाही. मासाका मागे पडलं तेव्हा साडेबारा वाजले होते.

पुढे लाल मातीचा रस्ता. चर्चनंतर डावीकडे वळा, पांढरे मांडव दिसतील, एवढीच खूण नामुलीने दिली होती. शनिवार होता. त्या रस्त्यावर दर तिसऱ्या अंगणात पांढरे मांडव होते. ड्रायव्हरने विचारलं, यातलं कुठलं? कागवाने फोनमधून डोकं वर काढलं, पहिल्याच मांडवाकडे पाहिलं आणि म्हणाला, "हेच असणार." एकला पाच मिनिटं कमी होती. मामा म्हणाले, बघा, उगाच घाई करत होतात.

फाटकात एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, तुम्ही कोण, आम्ही तुम्हाला ओळखत नाही. आता, आमच्याकडे ही रीतच आहे. नवरीकडचे पाहुण्यांना ओळख देत नाहीत आणि जितके आढेवेढे घेतील तितका मान मोठा. मुकीबींची कळी खुलली.

म्हातारे म्हणाले, "अहो, आम्ही दुसऱ्यांची वाट बघतोय."

"ते आले तरी आमच्याइतके देखणे नसतील," मुकीबी म्हणाले.

सगळा मांडव हसला आणि आम्हाला बसवून घेतलं. मग मुलींचे घोळके येऊन गुडघे टेकून जाऊ लागले. तुमची यात आहे का, असं विचारलं जाई आणि मुकीबी नाही म्हणत. तिसऱ्या घोळक्यापर्यंत ते इतके रंगात आले की त्यांनी कोंबडाही देऊन टाकला. शेवटी नवरीची आत्या नवरदेव शोधायला आमच्या रांगांतून फिरली. एकदा फिरली, दोनदा फिरली. काय अभिनय, म्हणून मी टाळ्या वाजवल्या. तेव्हा ती माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमचा मुलगा कुठाय?" तिच्या मागे उभी असलेली नवरी नामुलीपेक्षा हातभर उंच होती.

कोंबडा परत मागायचं काम मुकीबींनी माझ्यावर सोपवलं. चारशे मागण्यांत तशी वेळ कधी आली नव्हती म्हणे.

नामुलीचं घर त्याच रस्त्यावर चार घरं पुढे होतं. सव्वादोन वाजले होते. फाटक बंद होतं आणि आतले पाहुणे जेवून हात धूत होते. गुरुजी गजांपलीकडे उभे होते. मुकीबींनी घसा साफ केला. गुरुजींनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि कागवाला विचारलं, एवढा उशीर कसा झाला?

"गुरुजी, घर माहीत नव्हतं."

"मार्चमध्ये नामुलीची आई गेली," गुरुजी म्हणाले. "तिला माती द्यायला तीनशे माणसं आली होती. एकाचंही घर चुकलं नाही."

कागवाने तेव्हा ड्रायव्हरच्या हाती पुष्पचक्र पाठवलं होतं. आणि मी? मी फोन केला होता. मातीच्या दिवशी रस्त्यावर फार गर्दी असते, असं म्हणाले होते. सकाळपासून मी सगळ्यांवर तोंडसुख घेत आले होते, आणि त्या फाटकासमोर मला माझीच विलक्षण लाज वाटली.

गुरुजींनी बाजूचं छोटं दार उघडलं. "मागणीची वेळ संपली. सांत्वनाला आला असाल तर या."

टोपल्या व्हॅनमध्येच राहिल्या. भडक गोमेसी आणि पांढऱ्या कंझूंची आमची वरात घरामागच्या केळीच्या बागेत गेली. आईच्या थडग्याजवळ नामुली उभी होती, नवरीच्या पोशाखात. ती रडली नव्हती. माझ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"आधी आईला सांग, तेव्हा का आला नाहीस," ती कागवाला म्हणाली. "तुझ्याबरोबर परत यायचं की नाही, ते मी ऐकून ठरवेन."

मुकीबी केव्हाच गाडीत परत जाऊन बसले होते. कागवाने वळून माझ्याकडे पाहिलं, लहानपणी शाळेत पाठ विसरला की पाहायचा तसं. मी त्याला काही सुचवलं नाही.

तो गुडघ्यांवर बसला. पहिलं वाक्य यायला त्याला फार वेळ लागला.