दुपारी निजणारा झरा

रविवार उजाडला की गौताळ्याच्या डोंगरात पाय ठेवायला जागा नसायची. पार क्रांती चौकातून, छावणीतून गाड्या भरभरून माणसं यायची आणि झाडीतल्या त्या हातभर कुंडाभोवती दाटीवाटीनं बसायची. कुंडातलं पाणी खदखदायचं, दुधासारखं पांढरं दिसायचं. बायांनी हळद टाकली की ती लालभडक व्हायची. देवीआईनं हळद घेतली, कुंकू दिलं, असं कुंडाशी ठाण मांडून बसलेले महाराज म्हणायचे आणि बाया पदर पसरायच्या. दुपार झाली की पाणी गार. का, तर देवी निजते! पाताळातली चूलसुद्धा जेवणाच्या सुट्टीवर जाते, हे कुणालाच खटकलं नाही.

गावच्या आशा सेविकेला, सुलेखालाही, ते खटकलं नाही. शिकलेली, घरोघर गोळ्या वाटणारी बाई! पण तिचा भाऊ कृष्णा अभयारण्यात पर्यटकांना फिरवायचा. बिबट्या कुठं पाणी पितो, नीलगाय कुठून उतरते, सगळं त्याला तोंडपाठ. त्या कुंडाच्या काठी मात्र एकाही जनावराचं पाऊल उमटत नव्हतं, हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. उलट बहिणीला म्हणाला होता, उनपदेवला न्हाईत का गरम झरे, तशीच ही जमिनीच्या पोटातली ऊब हाय, गुडघ्याला लई चांगली. भावाचा शब्द म्हणून सुलेखानं शेजारच्या केसरबाईला तिथं धाडलं. केसरबाईच्या दोन्ही पोटऱ्या सोलवटून निघाल्या. तुझ्या मनात किंतू होता, असं महाराजांनी तिलाच सुनावलं. सुलेखा आठ दिवसांपासून तिची मलमपट्टी करत होती, तरी भावावरचा तिचा भरवसा हलला नव्हता.

त्या रविवारी सुलेखाची आई आवडाबाई कुणाला न सांगता कुंडावर जाऊन बसली. साखरेच्या आजारानं तिच्या तळव्यांना कसलीच जाणीव उरली नव्हती. निखाऱ्यावर पाय पडला तरी कळलं नसतं. असे पाय ऊन पाण्यात घालायचे नसतात, हे सुलेखाला पक्कं माहीत होतं. ती धापा टाकत पोचली तेव्हा महाराज आईचा घोटा धरून सांगत होते की या मेलेल्या पायात आता जीव येणार.

तेवढ्यात कृष्णा गर्दी फोडून पुढं आला आणि त्यानं आईला कवेत घेऊन मागं ओढलं.

"आईचा पाय नगं," तो म्हणाला. "जळंल."

सुलेखा त्याच्याकडं बघतच राहिली. महाराज परका माणूस, त्याच्याकडून तिला कसली आशा नव्हती. पण हा पाठचा भाऊ!

"म्हंजी तुला माहीत व्हतं," ती म्हणाली. "आन् केसरबाईचा पाय चालला व्हय रं तुला?"

महाराज लगेच सांगू लागले की पोराला बाहेरची बाधा झालीय. सुलेखानं त्यांच्याकडं बघितलंही नाही. तिनं आईच्या कमरेची पानाची चंची ओढली, तळहातावर एका बाईच्या ताटातली हळद घेतली आणि चंचीतला ओला चुना त्या हळदीवर चोळला. हात लाल झाला. तो तिनं सगळ्यांना दाखवला.

"कुंकू झालं. आता पाणी कशानं उकळतं, ते तू सांग," ती कृष्णाला म्हणाली.

"कळीचा चुना," कृष्णा पुटपुटला. "रोज पहाटं मीच टाकतो. फुटला की पाणी खदखदतं, सरला की गार." महाराजांनी त्याला पटवलं होतं की झरा गाजला तर बारमाही पर्यटक येतील, त्याच्या हाताला काम राहील.

लोक एकमेकांकडं बघायला लागले. घराला चुना द्यायचा तेव्हा पिंपात पाणी कसं उसळतं, ते यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी लांब उभं राहून पाहिलं होतं. आज त्याच पाण्यात पाय घालायला ते रांग लावून बसले होते. महाराज वहाणा हातात घेऊन निघालेच होते. गर्दीतल्या, बिडकीनहून आलेल्या दोघांनी त्यांना पोलीस येईपर्यंत धरून ठेवलं.

"चूक माझीबी हाय," सुलेखा गर्दीला म्हणाली. "जमिनीची ऊब घड्याळ बघत न्हाई. मग झरा दुपारी गार का पडतो, येवढं मी विचारायला पाहिजे व्हतं. भाऊ म्हणला म्हणून गप बसले. इथून पुढं कुणीबी सांगू द्या, मी सांगितलं तरी, आधी विचारा, हे होतं कसं."

कृष्णा आईला पाठीवर घ्यायला वाकला. आवडाबाईनं त्याचा हात बाजूला केला.

"मी जाते माझी चालत," ती म्हणाली. "तू केसरबाईच्या दारात जा. आजपासून तिची पट्टी तू बदलायची."