हत्तीचा पुकारा

रंभाजी साळव्यांचा आवाज राहुरीपासून देवळाली प्रवरापर्यंतच्या सगळ्या वाड्यावस्त्यांना ठाऊक होता. माणूस मात्र निम्म्यांनी पाहिलेला नव्हता. पांढऱ्या टेम्पोच्या टपावर दोन भोंगे, आत रंभाजी आणि त्यांच्या हातात माईक. कुणाची म्हैस हरवली, कुठे साड्यांचा सेल लागला, विहारात व्याख्यान किती वाजता, नळाला पाणी कधी सुटणार, हे सगळं लोकांना कळायचं ते रंभाजींच्या पुकाऱ्यातून. आवाज असा भारदस्त, की हरवलेली म्हैस तो ऐकूनच घरी परत येते, असं लोक म्हणायचे. आणि त्यांनी पुकारलेलं कधी खोटं ठरलं नव्हतं. त्याचा रंभाजींना भारी अभिमान.

असा हा बोलका माणूस नातीपुढे मात्र मुका व्हायचा.

नात म्हणजे आम्रपाली, लाडाची आमू. अजून वर्षाची व्हायची होती. तिची आई वृषाली राहुरीत एका लॅबमध्ये कामाला होती आणि रजा संपवून नुकतीच परत रुजू झाली होती. बाप पंकज शुगर फॅक्टरीत पाळीवर. तेव्हा दिवसभर आमू आजी-आजोबांकडे.

"मामा," त्या सकाळी वृषाली सासऱ्यांना म्हणाली, "ही आमूची पुस्तकं इथं ठेवते. रडायला लागली की वाचून दाखवा."

रंभाजींनी वरचं पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं. जाड पुठ्ठ्याचं, कोपरे आमूने चघळून चघळून मऊ केलेले. "ह्यात वाचायला हाय काय, पोरी? एका पानावर एकच शब्द. गाय. बोका. फुडं बदक. संपलं!"

"पुढचं आपण सांगायचं, मामा."

"तिला काय कळनार हाय?"

"ती ऐकते ना. गाणी म्हणा, प्राण्यांचे आवाज काढून दाखवा."

"मी हंबरू?" रंभाजींनी दाराकडे पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

चुलीपाशी बसलेल्या वृषालीच्या सासूबाई भागिरथीबाई पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. "अगं, त्यांला नको सांगू. गावभर बोंबलत्यात, पन पोरीफुडं दातखीळ बसती त्यांची. मी हाय की."

पण ऐन वेळी भागिरथीबाई नव्हत्याच. वृषाली गेली, आमू झोपली, तसं त्या बाजरीचं दळण घेऊन गिरणीवर गेल्या. रंभाजींनी तो निवांत वेळ साधून आपलं भोंग्यांचं मशीन पलंगावर मांडलं. कालपासून त्यात खरखर येत होती. खिडकीतून वायर घेऊन ती अंगणातल्या टेम्पोच्या भोंग्यांना जोडली, दोन स्क्रू आवळले, बटण दाबलं आणि माईकवर हळूच "हॅलो, हॅलो" केलं. इतकं हळू, की बाहेर काही वाजलं का ते त्यांना समजेना. वर्षानुवर्षं भोंग्याखाली बसून कान जरा जड झाले होते. अजून एकदा हॅलो करणार, तेवढ्यात झोळीतून आमूने किंकाळी फोडली. रंभाजींनी माईक तसाच पलंगावर टाकला आणि धावले.

आमूने डोळे उघडून चहूकडे पाहिलं. आई दिसेना, आजी दिसेना, दिसल्या त्या नुसत्या भल्यामोठ्या मिशा. तिने गळा काढला. रंभाजींनी तिला खांद्यावर घेतलं, खुळखुळा वाजवला, चाव्यांचा जुडगा नाचवला. काही उपयोग होईना. शेवटी तिला मांडीवर घेऊन ते पलंगावर टेकले आणि पुस्तक उघडून, आयुष्यात कधी काढला नव्हता असा गोड गोड आवाज काढून म्हणाले, "गाऽऽय..."

बिनतेलाची कडी कुरकुरावी तसा तो आवाज. आमू दुप्पट रडायला लागली.

मग मात्र रंभाजींचा धीर सुटला. धीर सुटल्यावर माणसाच्या तोंडून जे त्याचं स्वतःचं असतं तेच बाहेर पडतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले:

"ऐका हो ऐका! समस्त माता-भगिनींना आणि बंधूंना कळविण्यात येते की, पहिल्या पानावर एक गाय आलेली आहे! गाय पांढरी असून अंगावर काळे ठिपके आहेत. सदर गाय कोणाची आहे हे समजलेले नाही. तरी मालकाने ओळख पटवून आपली गाय घेऊन जावी!"

आमू रडायची थांबली. गालावर आसू, तोंड अर्धं उघडं, डोळे मिशांवर. रंभाजीही थांबले. मग आमूने पुस्तकावर थाप मारली. पुढे!

"दुसऱ्या पानावर बोका! सदर बोक्याने दूध पिऊन मिशा पुसलेल्या नाहीत, तरी त्याच्या आईने लक्ष द्यावे!"

आमूच्या पोटातून हसू आलं. आधी एक हुंकार, मग गुदगुल्या केल्यासारखी खळखळ, मग असं खिदळणं, की ती आजोबांच्या मांडीवरून घसरायला लागली. रंभाजींनी हजारो लोकांपुढे पुकारलं होतं, पण अशी दाद त्यांना कुणी दिली नव्हती. त्यांना चेव चढला. अंगातला बुजरेपणा कुठल्या कुठे गेला. कोंबडं आलं तेव्हा ते आरवले, बेडूक आला तेव्हा पलंगावर बसल्या बसल्या उडी मारली. पानागणिक आवाज चढत गेला.

पुढच्या पानावर तळं होतं. निळंशार, पानभर.

"ऐका हो ऐका! पाणी आलेले आहे! भरपूर पाणी आलेले आहे! तरी समस्त माता-भगिनींनी याचा लाभ घ्यावा!"

पान उलटलं. तळ्यात हत्ती. रंभाजींना आता गद्य पुरेना. मांडीवर ताल धरून त्यांनी तिथल्या तिथे जुळवलं:

"हत्ती आला डुलू डुलू,
कान त्याचे हलू हलू,
पाण्यात बसला बदाक्कन,
बेडूक उडाला टुणकन!"

"टुणकन"ला त्यांनी आमूला वर उडवलं. आमू किंचाळली. पुन्हा. पुन्हा! पलंग करकरला, पुस्तक खाली पडलं, आजोबांची टोपी आमूच्या डोक्यावर गेली आणि नाकापर्यंत उतरली.

या सगळ्या गोंधळात बाहेरचा गलका रंभाजींच्या कानी पडला, तो पार दारात आल्यावर. आमूला कडेवर घेऊन ते बाहेर आले आणि उंबऱ्यावरच थबकले.

अंगण भरलं होतं. हंडे, कळश्या, बादल्या, प्लास्टिकचे कॅन. सगळ्यांच्या पुढे शेजारच्या लंकाबाई, कमरेवर घागर, डोक्याला शिकेकाई चोपडलेली आणि तिचे ओघळ कानावर. त्यांच्यामागे वाल्मिक, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, अर्धा गाल गुळगुळीत. आणि पार मागे शाळेत जायच्या वयाची दहा-बारा पोरं, ती हंडे घेऊन आली नव्हती.

"आबा, पानी कुटंय?" लंकाबाईंनी विचारलं. "आमच्या नळाला तर टिपूस न्हाई."

"कसलं पानी?"

"तुमीच की पुकारलं आत्ता! भरपूर पानी आलं, लाभ घ्या!"

"मी मोटर चालू करून आलोय, आबा," वाल्मिक म्हणाला. "कोरडी फिरतीया!" आणि एकदम आठवून तो मोटर बंद करायला फेसासकट पळत सुटला.

मागून एक पोरगी ओरडली, "आन् हत्ती कुटंय?"

रंभाजींनी मान वळवून टेम्पोकडे पाहिलं. टपावरून भोंगे थेट रस्त्याकडे तोंड करून उभे होते. मग खिडकीतून आत गेलेली वायर पाहिली. मग मशीनवरचा न विझवलेला लाल दिवा आठवला. त्यांच्या मिशा हळूहळू खाली आल्या. गाय, बोका, आरवणं, सगळंच्या सगळं! उभ्या जन्मात जे झालं नव्हतं ते झालं होतं. त्यांच्या आवाजात खोटा पुकारा गेला होता आणि लोक हंडे घेऊन दारात उभे होते.

"पानी..." रंभाजी पुटपुटले. ते आत गेले, पुस्तक उचलून आणलं आणि तळ्याचं पान उघडून सगळ्यांपुढे धरलं. "पानी हितं आलंय."

रंभाजींनी मान खाली घातली. आता लंकाबाई बोलणार, आणि लंकाबाईंचं बोलणं म्हणजे विळ्याची धार!

आधी बोलली ती आमू. नाकापर्यंत उतरलेली टोपी तिने दोन्ही हातांनी मागे सारली, एवढी माणसं पाहून ताठ झाली, छाती भरून श्वास घेतला आणि अख्ख्या अंगणाला फर्मावलं:

"ऐऽऽका!"

तिचा हा पहिलाच शब्द. आई नाही, बाबा नाही, आजी तर नाहीच.

लंकाबाईंच्या हातातली घागर सुटली आणि ठणठणत लोळत गेली. त्या घागरीमागोमाग लंकाबाईही खाली बसल्या, पोट धरून. "आगं माझे बाय! ही तर आज्याच्या वरची निघाली गं!" मग सगळं अंगणच हसायला लागलं. कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं, कुणाची कळशी कळशीवर आपटली. परत आलेल्या वाल्मिकला कुणी काही सांगेचना. तो एकेकाचं तोंड बघत शेवटी स्वतःच हसू लागला. "पानी न्हाई तर न्हाई," तो म्हणाला, "पन हत्तीचं फुडं काय झालं? आमच्या घरी सगळे ऐकत हुते."

"फुडं काय न्हाई, पुस्तक संपलं," रंभाजी म्हणाले.

"मंग पयल्यापासून सांगा!" पोरांनी गिल्ला केला.

रंभाजींनी आमूकडे पाहिलं. आमू भोंग्याकडे बघत होती.

मग काय! माईक अंगणात आला. हंडे उपडे झाले आणि बायका त्यांवर बसल्या. रंभाजी पुस्तक वर धरून एकेक पान पुकारायचे आणि पोरं प्राण्यांचे आवाज काढायची. हत्तीची पाळी आली तेव्हा लंकाबाईंनी घागर मांडीत घेऊन तिच्यावर ठेका धरला, कुणी बादली बडवली, आणि "बदाक्कन"ला सगळ्यांनी मिळून असा आवाज केला, की झाडावरचे कावळे उडाले. "टुणकन"ला वाल्मिकने आपल्या म्हाताऱ्या आईला खांद्याला धरून उठवलं, आणि तिने खरोखर उडी मारली.

भागिरथीबाई फाटकात पोचल्या तेव्हा तिसऱ्यांदा हत्ती आला होता. डोक्यावर पिठाचा डबा, भुवयांपर्यंत पांढरं पीठ. "गिरनीत ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "समदी गिरनी बंद करून ऐकत हुते लोक. म्हनलं, ह्यो तर आमचाच मानूस आरवतोय!" आणि डबा उतरवायचा विसरून त्या हसत राहिल्या, तशी पिठाची भुकटी खांद्यांवर उडत राहिली.

संध्याकाळी वृषाली आली. रस्त्यातच तिला तिघांनी सारी हकिकत ऐकवली होती, तिन्ही वेगवेगळ्या. हातपाय धुऊन ती आमूला घेऊन बसली, पुस्तक उघडलं आणि रोजच्यासारखं मऊ आवाजात म्हणाली, "ही कोण गं? गाऽऽय. हम्माऽऽ."

आमूने आईच्या तोंडावर हात ठेवला.

"काय झालं गं?"

"असं न्हाई चालायचं आता," रंभाजी खुर्चीतून म्हणाले. त्यांचा घसा पार बसला होता, फक्त हवा निघत होती. "ठसक्यात पाहिजे."

"मामा, मला नाही जमणार!"

"मी पन असंच म्हनत हुतो."

वृषालीने सासऱ्यांकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. दिवसपाळी संपवून आलेला पंकज डबा हातात धरून दारातच उभा होता. तिने डोळे गच्च मिटले, मान ताठ केली आणि ओरडली, "समस्त नागरिकांना..." पुढचे शब्द हसण्यात वाहून गेले. आमूने टाळ्या वाजवल्या. वृषाली उठून उभी राहिली, पदर खोचला, आणि या खेपेला गायीपासून बेडकापर्यंत न थांबता गेली. आवाज इतका खणखणीत लागला, की पलीकडच्या भिंतीआडून लंकाबाईंनी हाक दिली, "वृषाली, पानी आलं का गं?"

"नाही हो, बदक आलंय!" वृषाली ओरडली आणि आमूला उचलून घरभर नाचायला लागली.